फेब्रुवारीचे तीनशे रुपये

(आपल्या शाळेच्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या पटांगणावर झाला. त्यावेळी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेव्हा हे ओघानं आलंच. पण त्या विषयावर तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. म्हणून संयोजकांची परवानगी काढून मी विषय बदलला आहे. मी दोनशे रुपयांबद्दल बोलणार आहे. आणि बोलता बोलता मला एक कबुलीही द्यायची आहे. ती याच पटांगणावर द्यायला हवी, म्हणून पुण्याहून आले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला होता, आठवतोय का बघा. आम्ही रात्रंदिवस राबायचं, टॅक्स भरायचा, आणि सरकारनं तो फुकट्यांना वाटायचा, अशा अर्थाचा. खाली हात जोडलेले, रागावलेले चेहरे वगैरे. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. तो संदेश पाठवणारी मीच होते. त्या महिन्यात पगारातून आयकराची मोठी रक्कम कापली गेली होती, आणि त्याच आठवड्यात खड्ड्यात आपटून गाडीचं चाक वाकलं होतं. डोकं तापलेलं होतं. समोर आला तो संदेश वाचला आणि पुढे ढकलला.

थोड्या वेळानं आपल्यातल्याच एकानं खाली दोन ओळी लिहिल्या. “उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आणि मी एकाच बाभळीखाली भाकरी खायचो. आपल्या आया कुठं होत्या तेव्हा?” मी ते वाचलं, आणि मिनिटभरात त्यानं ते पुसून टाकलं. तुम्हा सगळ्यांना फक्त ‘हा संदेश हटवला आहे’ एवढंच दिसलं असेल. मला मात्र पूर्ण दिसलं होतं. मी काहीच उत्तर दिलं नाही.

तो विषय मी मनातून काढून टाकला असता. पण फेब्रुवारी महिना आला.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा लागला आहे, पहिलीच नोकरी. महिनाअखेरीला पगारपत्रक हातात घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, दर महिन्याला पीटीचे दोनशे कापतात, या वेळी तीनशे कसे?” मी वीस-बावीस वर्षं नोकरी करते आहे. ‘पीटी’ म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर, हे माहीत होतं. पण फेब्रुवारीतच शंभर जास्त का, आणि मुळात हा कर कशासाठी, हे मला सांगता येईना. दोनशे रुपये! हॉटेलात एका माणसाच्या जेवणालाही पुरत नाहीत. त्यांच्याकडे कोण बघतो? “बघून सांगते,” म्हटलं.

बघितलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर साधं हिशेबाचं आहे. अकरा महिने दोनशे, म्हणजे बावीसशे, आणि फेब्रुवारीचे तीनशे. बेरीज अडीच हजार. आपल्या राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलं आहे, की हा कर एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त घेता येणार नाही. पूर्वी ही मर्यादा अडीचशे होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीनं ती अडीच हजार केली. ती आजही तेवढीच आहे. बाराने भागून अडीच हजार नीट बसत नाहीत, म्हणून उरलेले शंभर फेब्रुवारीच्या माथी. झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचताना मात्र मी खुर्चीत ताठ बसले. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्यानं आला, आणि तो लावला गेला रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी.

रोजगार हमी म्हटल्यावर या पटांगणावर बसलेल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मला सांगायला नको. आपला माणदेश. पाऊस पडला तर पडला. मार्च उजाडला की विहिरींनी तळ गाठायचा, आणि गावातली माणसं ‘कामावर’ जायची. कामावर म्हणजे नोकरीवर नव्हे. कामावर म्हणजे रोजगार हमीवर. टिकाव, खोरं, घमेलं.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकात हा धडा नव्हता.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आईवडिलांनी भोगला. आपण तो ऐकत मोठे झालो. मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी, फुटलेली खडी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले, तरी दर दहा माणसांमागे एक जण खडी फोडत किंवा माती टाकत होता.

त्या आधीपासून एक माणूस या प्रश्नाच्या मागे लागला होता. वि. स. पागे. आपल्याच सांगली भागातले, विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्यांच्या कल्पनेतून साठच्या दशकात एक प्रयोग झाला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुष्काळ जाहीर झाला की सरकारनं दया म्हणून काम काढायचं, हे बंद करा. खेड्यातल्या ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे, त्यानं ते मागावं आणि सरकारनं ते द्यावं. ‘मागेल त्याला काम.’ दुष्काळ असो वा नसो. १९७७ साली विधिमंडळानं त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सगळ्या देशासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. आपण सव्वीस वर्षं पुढे होतो.

आता प्रश्न पैशाचा. हमी द्यायला जीभ पुरते, ती पाळायला पैसा लागतो. आणि तो पाऊस पडला नाही की एकदम जास्त लागतो, नेमका सरकारचंही उत्पन्न आटतं तेव्हा. म्हणून या योजनेसाठी वेगळा निधी केला आणि त्यासाठी वेगळे कर लावले. नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर, विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर वाढीव आकारणी, शहरातल्या काही मालमत्तांवर, आणि पाटाच्या पाण्याखालच्या जमिनींवरही. या करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची.

यादी पुन्हा ऐका. पगारदार, व्यापारी, गाडीवाला, शहरातला मालमत्ताधारक, बागायतदार. ज्याला दरमहा ठरलेलं मिळतं किंवा ज्याच्या रानात पाणी आहे, त्यानं थोडं द्यायचं. ज्याला पावसाच्या भरवशावर जगायचं आहे, त्याच्या हाताला त्यातून काम मिळायचं. मुंबईतल्या एखाद्या कारकुनानं १९९० साली पगारातून कापलेल्या रकमेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या असतील. त्या आठ्यांचे पैसे आपल्या गावच्या पाझर तलावावर आले.

आणि त्या तलावावर माझी आई होती.

मी तेव्हा पाचवीत होते, नुकतीच या शाळेत आले होते. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन. उन्हाळ्यात आई पहाटे भाकऱ्या थापून पावणेसातला निघायची. चौकडी खणायची, माती पाटीत भरायची, डोक्यावरून वर बांधावर न्यायची. काम मोजून पैसे. चौकडी मोजायला मुकादम आला की बाया श्वास धरून उभ्या राहायच्या. आई सांगते, दिवसाला बारा-चौदा रुपये पडायचे. हप्ता वेळेवर मिळेलच असं नव्हतं. कधी दोन, कधी तीन आठवडे उशीर. हजेरीपटावर अशीही नावं असायची, की ज्यांना तिथं कुणी कधी बघितलं नव्हतं. हे सगळं होतं, आणि ते मी लपवणार नाही. पण आणखीही काहीतरी होतं, आणि ते मला आत्ता कळतंय. त्या कामासाठी आईला कुणाच्या वाड्यावर जाऊन पदर पसरावा लागला नाही. तिनं अर्जावर अंगठा उठवला, काम मागितलं, आणि बाईला पुरुषाइतकाच दर मिळाला. शेतमजुरीत तेव्हा ते कुठंच मिळत नव्हतं.

सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. आणि माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्या आईबरोबर यायचा. बाभळीखाली आम्ही लहान भावंडं सांभाळायचो.

आता कबुली. सातवीत आपल्याला ‘माझी आई’ हा निबंध होता. मी लिहिलं, की माझी आई शिवणकाम करते. तिच्याकडे पायाचं मशीन आहे, गावातल्या बाया तिच्याकडून चोळ्या शिवून घेतात, रात्री मशीनच्या आवाजात मला झोप लागते. आमच्या घरात मशीन काय, धड सुईसुद्धा नव्हती. बाईंना निबंध इतका आवडला, की त्यांनी मला तो वर्गापुढे वाचायला लावला. मी वाचत होते आणि समोर तिसऱ्या बाकावर तो मुलगा बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीतही नाही. नंतरही कधी नाही. बाई, त्या निबंधाला तुम्ही दहापैकी नऊ दिले होते. आज तुम्ही समोर बसला आहात. ते परत करायची सोय नाही, पण खरं काय होतं ते सांगितलं.

तर ज्यानं सातवीत माझी लाज राखली, त्यानंच गेल्या वर्षी तो संदेश पुसून दुसऱ्यांदा राखली. त्याचं नाव मी घेत नाही. तो इथंच आहे. मित्रा, मी चुकले होते.

आता एवढ्यावर थांबले, तर हे फक्त रडगाणं होईल. मी इंजिनिअर आहे, मला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. ‘आमच्या टॅक्सचे पैसे’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. तर आमचे म्हणजे कुणाचे, ते जरा बघू.

मला वाटायचं, टॅक्स मी भरते. आईनं आयुष्यात कधी भरला नाही. कारण टॅक्स म्हटलं की माझ्यापुढे आयकर यायचा. पण आई तालुक्याला जायला एसटीत बसायची. राज्य सरकार एसटीकडून भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. तो तिकिटातूनच वसूल होतो. म्हणजे बाजाराच्या दिवशी लाल डब्यात उभ्यानं प्रवास करणारी माझी आई प्रत्येक तिकिटाला कर भरत होती. चहाची पुडी, साबणाची वडी, चपला, काडेपेटी, यांवर तेव्हा विक्रीकर आणि अबकारी होती. आता जीएसटी आहे. २०२४ मध्ये साबणाच्या वडीवर अठरा टक्के होता. त्यातले नऊ केंद्राला, नऊ राज्याला. दुकानदार विचारत नाही, की ताई तुम्ही कामावर जाता का कंपनीत. मी घेतली तरी तेवढाच कर, आईनं घेतली तरी तेवढाच. तिच्या मिळकतीतला किती मोठा भाग साबण-चहात जातो आणि माझ्यातला किती, याचा विचार केला, तर कुणाला कर जास्त टोचतो ते लगेच कळतं.

माझा आयकर दिल्लीला जातो. तो तिथंच राहतो असंही नाही. सध्याच्या वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे केंद्राच्या वाटून घ्यायच्या करांतले एक्केचाळीस टक्के राज्यांना मिळतात. उपकर आणि अधिभार मात्र या वाटणीत धरत नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. म्हणून राज्यं त्याबद्दल कुरकुर करतात. वित्त आयोगाचे काही पैसे ग्रामपंचायतींनाही येतात, त्यातला ठरलेला भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो. राज्याचा पैसा खर्च करायचा, तर दर वर्षी विधिमंडळाची मंजुरी लागते. नंतर महालेखापाल त्याचं लेखापरीक्षण करतात आणि त्यांचा अहवाल पुन्हा विधिमंडळापुढे येतो. कागदावर व्यवस्था अशी चोख आहे. आमच्या भाषेत सांगायचं, तर प्रोग्राम नीट लिहिलेला आहे. तो चालवताना कोण काय करतं, यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता मला काय मिळालं ते मोजते. या शाळेत मुलींना फी नव्हती. सर, बाई, तुमचा पगार शासनाच्या वेतन पथकाकडून यायचा. तो लांबला, की गणिताच्या तासाला आम्हाला आपोआप कळायचं. (हशा) त्या पगारात या राज्यातल्या हरेक साबणाच्या वडीचा वाटा होता. पुढे मला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. वर्षाची फी चार हजार. तेवढ्यात एका प्रयोगशाळेचं वीजबिलही निघालं नसेल. बाकीचा खर्च कुणी केला? मी तेव्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, मी हुशार होते म्हणून मिळालं. हुशार असेनही. पण माझ्याइतक्याच हुशार मुली ज्या राज्यांत आणि ज्या काळात फुकट शाळा नव्हती, तिथं चुलीपुढे बसल्या.

तेव्हा फुकटं कोण? चार वर्षं सरकारी खर्चानं इंजिनिअर झालेली मी, का चौकडी मोजून मजुरी घेतलेली माझी आई? आईनं तर घेतलेल्या प्रत्येक रुपयाची माती टाकली आहे. ती अजून तिथंच आहे, कुणीही जाऊन मोजावी.

आणि त्या मातीनं काय केलं? पाझर तलाव झाल्यावर खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी जरा टिकायला लागलं. १९९० च्या सुमारास सरकारनं रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. ज्याच्या शेतात बाग, तिथल्या खड्ड्यांची आणि लागवडीची मजुरी योजनेतून. आटपाडी-सांगोल्याची डाळिंबं आज बाहेरदेशी जातात, त्यांतल्या कितीतरी बागांची सुरुवात अशी झाली. माझ्या त्या मित्राची बागही त्यातलीच. आज त्याच्याकडे हंगामात चाळीस बायका काम करतात. तो ट्रॅक्टर घेतो, डिझेल घेतो, खोकी घेतो, सगळ्यावर कर भरतो. १९९० साली त्या मुंबईच्या कारकुनानं दिलेले पैसे असे वाहत वाहत परत तिजोरीत येतात. बुडीत खात्यात गेले नाहीत.

आता दुसरी बाजू. कर पवित्र आहे, मुकाट्यानं भरा, असं मी म्हणत नाही. उलट मला दोन-तीन तक्रारी आहेत.

पहिली. माझा पगार आणि आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा पगार यांत किती अंतर असेल, तुम्ही कल्पना करा. आम्ही दोघंही वर्षाला तेच अडीच हजार भरतो. २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ झाला, ते चांगलं झालं. पण पुरुषाला दहा हजारांच्या वर पगार गेला, की पूर्ण दर लागू. लाखांत कमावणाऱ्याला त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही, कारण घटनेतली मर्यादा. ती ठरली तेव्हा अडीच हजार म्हणजे आईच्या दोनशेच्या आसपास दिवसांची मजुरी होती. २०२४ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे माझा वर्षाचा व्यवसाय कर एका बाईची आठ दिवसांची मजुरी. छत्तीस वर्षांत दोनशेचे आठ झाले! ग्रुपवर ओरडायचंच असेल, तर यावर ओरडू.

दुसरी. या निधीत अनेक वर्षं जमा जास्त आणि खर्च कमी असंही घडलं. एका कामाच्या नावानं गोळा केलेला पैसा त्याच कामाला लागला का, हे विचारायचं कुणी? ज्याच्या खिशातून गेला त्यानं, आणि ज्याच्या हातात यायला हवा होता त्यानं. दोघांनी मिळून. आपण मात्र एकमेकांकडेच बोट दाखवत बसतो.

तिसरी आपल्या स्वतःबद्दल. गावची घरपट्टी आपण किती जण भरतो? आमच्या घराची माझ्या नावावर चार वर्षांची बाकी होती. मीच, आयकर वेळेवर भरणारी. ‘ग्रामपंचायत देते काय?’ म्हणून. काल ग्रामसेवकांकडे जाऊन ती भरली आणि पावती घेतली. भरल्यावर मला पहिल्यांदा हक्कानं विचारता आलं, की शाळेच्या रस्त्यावरचे दिवे का बंद आहेत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आहे. बघू.

आणि एक माझ्या कामाच्या अंगानं सांगते. रोजगार हमीचे हजेरीपट आता इंटरनेटवर असतात. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं, की कोणत्या कामावर कोण होतं, किती दिवस, किती रक्कम, सगळं दिसतं. आईच्या वेळी ती वही मुकादमाच्या काखेत असायची. आज ती तुमच्या मोबाइलवर उघडते. महिन्यातून एकदा जरी आपल्या गावचा हजेरीपट उघडून बघितला, ओळखीची नावं वाचली, तरी पुष्कळ होईल. ज्याला इंटरनेटचं जमत नाही त्याला मी दाखवते. जेवणानंतर मी इथंच आहे.

आता शेवटचं. आपण आज शाळेसाठी निधी गोळा करतोय. मीही देणार आहे. व्हरांड्यात संगमरवरी फलक लागेल, पाच हजार एकच्या पुढे देणाऱ्यांची नावं त्यावर येतील. छान आहे. देणगी आपल्या मनाची गोष्ट आहे. कुणाला द्यायची, किती, हे देणारा ठरवतो, आणि घेणारा हात जोडतो. पण गावचा पाझर तलाव देणगीतून झाला नाही. त्यावर त्या कारकुनाचं नाव नाही, बागायतदाराचं नाही, माझ्या आईचंही नाही. देणाऱ्याला कळलं नाही कुणाला दिलं, आणि घेणारीला कुणापुढे वाकावं लागलं नाही. मला वाटतं, कराचं मोठेपण इथं आहे. माझी आई दुष्काळातही मान वर ठेवून घरी आली, कारण ती भीक मागायला गेली नव्हती, हक्काचं काम करायला गेली होती. लाज मला वाटली होती. तिला कधीच नव्हती.

आज सकाळी इथं यायच्या आधी तिला घेऊन तलावावर गेले होते. शहात्तर वर्षांची आहे. बांधावर चढायला माझा हात धरला. तलावात गाळ बराच साठलाय, पण यंदा पाणी आहे. ती उजवीकडच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या कडंची माती आमच्या टोळीची. बघ, अजून ढासळली न्हाई.”

मी तिला माझ्या पगारपत्रकाची गोष्ट सांगितली. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात, आणि तो कर ह्याच कामासाठी सुरू झाला होता म्हणून. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, “मग गाळ काढायचं काम कधी काढनार हैत?”

प्रश्न बरोबर आहे. पुढच्या ग्रामसभेत तो मांडायचं ठरलं आहे. तारीख ग्रुपवर टाकते. तो संदेश मात्र कुणी हटवू नका.